दादाभाईंना १८९२ साली मतं दिली तरी कोणी?

प्रश्न – शाळामास्तर
नववीच्या वर्गात दादाभाई नौरोजींवर बोलताना एका मुलीने विचारलं, "सर, तेव्हा भारतात कुणालाच असं मत नव्हतं, मग हे इंग्लंडमध्ये निवडून कसे आले? मतं कुणी दिली?" पुस्तकात एकच ओळ आहे: '१८९२ मध्ये पार्लमेंटचे सभासद झाले.' एवढ्यावर तिची बोळवण करायची नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

गिरगावकर
मास्तर, मुलीला शाबासकी द्या. दादाभाई ब्रिटिश प्रजाजन होते, त्यामुळे तिथे उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. उमेदवाराकडे अमुक मालमत्ता हवी, ही अटही १८५८ सालीच गेली होती. अडचण होती ती पैशांची. खासदाराला पगार नसे, तो १९११ साली सुरू झाला. वर मतदान घेण्याचा सरकारी खर्चसुद्धा उमेदवारांनीच वाटून भरायचा.

फिन्सबरीचा शेजारी
दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले; कामानिमित्त मी बरीच वर्षं याच भागात राहतो. इथे 'नौरोजी स्ट्रीट' नावाची छोटी गल्ली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सेंट्रल फिन्सबरीत तेव्हा क्लार्कनवेल येत असे: घड्याळं, दागिने, छपाई करणाऱ्या कारागिरांची वस्ती. १८६७ च्या कायद्याने शहरांतल्या घर चालवणाऱ्या पुरुषांना मत मिळालं होतं, वर्षाला १० पौंड भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनाही. पण त्याच जागी सलग १२ महिने राहिलेलं असलं पाहिजे. कामाच्या शोधात बिऱ्हाड बदलणारा मजूर मतदार यादीतून गळायचा. बाईला तर मतच नाही. उलट इथे दुकान आणि दुसऱ्या मतदारसंघात घर असलेला मालक दोन्हीकडे मत देऊ शके, कारण देशभरचं मतदान जुलैत तीनेक आठवडे चाललं होतं, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा.

अशा यादीतून दादाभाईंना २,९५९ आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कॅप्टन पेंटन यांना २,९५६ मतं पडली. फरक तिनाचा! त्या तीन मतांना नशीब म्हटलेलं मला सहन होत नाही. १८८६ साली हॉलबर्न मतदारसंघात दादाभाई हरले, १८८८ पासून या मतदारसंघात ठाण मांडून बसले. त्याच वर्षी पंतप्रधान सॉल्सबरी जाहीर सभेत म्हणाले, की इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडणार नाही. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि दादाभाईंचं नाव घरोघरी पोहोचलं. सभांत ते भारताबद्दल बोलायचेच, पण आयर्लंडच्या स्वराज्याला आणि बायकांच्या मताधिकारालाही त्यांचा पाठिंबा होता. मतदान गुप्त (१८७२ पासून), त्यामुळे मालकाच्या धाकाने मत देण्याचं कारण नव्हतं.

शाळामास्तर
तीन मतं! हे वर्गात फळ्यावरच लिहितो. पण निवडून जाऊन ६७० जणांत एकटा माणूस करणार काय?

गिरगावकर
जून १८९३ मध्ये आयसीएसची (भारतातल्या वरिष्ठ सरकारी नोकरीची) परीक्षा इंग्लंडसोबत भारतातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव कॉमन्सने (पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने) मंजूर केला. सरकारने अंमल केला नाही, हे खरं. मात्र सभागृहात ठराव मंजूर करून घेणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे भारताच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला गेला, त्यात दादाभाई सभासद होते. १८९७ साली त्याच आयोगापुढे पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली. वर्गात हा धागा नक्की जोडा.

फिन्सबरीचा शेजारी
आणि मुलांना हेही सांगा: १८९५ साली दादाभाई पडले, त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून निवडून आले, तेही सॉल्सबरींच्याच हुजूर पक्षाकडून. काँग्रेसला त्यांचा विरोध होता. वर्गात दोघांची बाजू मांडायला दोन गट केलेत तर त्या मुलीला दादाभाईंच्या गटात घ्या.