जावयाचे जर्मन पणजोबा कोणत्या जहाजानं गेले, कसं शोधू?

वणीकर: भाऊ, ताई अमेरिकेत असते, जावयाचे पणजोबा १८८० च्या आसपास जर्मनीतून तिकडं गेले म्हणते पण गाव कोणालेच माहीत नाही. चार दिवस झाले शोधून रायलो, न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंड बेटावर बाहेरून येणाऱ्यायची नोंद होत असे, त्या नोंदीत नावच नाही. भाच्याले लय उत्सुकता आहे.

दर्यापूरकर: एलिस आयलंड १८९२ ले सुरू झालं ना! त्याआधी, १८५५ ते १८९०, न्यूयॉर्कले लोक कॅसल गार्डनवर उतरत, त्या काळातलं पहा. पण तिकडच्या जहाजांच्या जुन्या प्रवासी यादीत गाव बहुतेक नसतेच, नुसतं जर्मनी नाहीतर प्रशिया (तिथलं जुनं राज्य). गावासाठी निघाल्याचं बंदर धरा. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या आहेत, त्यात माणूस कुठचा ते लिहिते, आपल्या जुन्या कोतवाल बुकासारखं सोनं आहे ते.

पुसदकर: ब्रेमेन बंदरातून गेले असन तर मात्र कठीण, तिथल्या बऱ्याच याद्या जागा नाही म्हणून नष्ट केल्या अन् बाकीच्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या, वाचून जीव हळहळला. मग अमेरिकेतल्या चर्चचं लग्नाचं रजिस्टर पहा, गाव तिथं सापडू शकते. म्युलरचं मिलर होते, आडनाव दोन्ही तऱ्हेनं टाका.

वणीकर: अरे, जावई मिलरच आहेत! आज रात्रीच म्युलर टाकून पाहतो.