ऑफिसच्या कारभाराला वैतागून एसईला (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला) कॉलेज बदलावं का?

एफई_कॉम्प
विनाअनुदानित कॉलेज, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) कॉम्प्युटरला प्रवेश, पहिलं वर्ष ऑल क्लिअर. शिकवणं बरं आहे, पण ऑफिस नको झालंय. महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज अजून कॉलेजच्याच लॉगिनला पडून आहे, 'विकास निधी'ची पावती देत नाहीत, निकालही उशिरा. दुसरीकडे जाता येतं का? की इथंच पुढची तीन वर्षं काढू?

कारकुनी_कट्टा
आधी कोणती तक्रार कोणाची ते बघ. निकाल विद्यापीठ लावतं. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात गेलीस तरी तो तेव्हाच लागणार. कॉलेजनं अंतर्गत गुण वेळेत भरले नाहीत म्हणून निकाल राखीव राहिला असेल, तर मात्र दोष कॉलेजचा.

विकास निधी मागणं चूक नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मंजूर फी असते, त्यात शिकवणी शुल्क आणि विकास निधी दोन्ही धरलेले असतात. मुलींची १०० टक्के सवलत (२०२४-२५ पासून, उत्पन्न ८ लाखांपर्यंत) शिकवणी आणि परीक्षा शुल्कापुरती आहे, विकास निधी त्यात नाही. तेव्हा मंजूर आकड्याइतकाच भर, तोही ऑनलाइन किंवा डीडीनं. रोख दिलेस की पुरावा गेला.

नियमावली
महाडीबीटीसाठी तोंडी हेलपाटे घालू नका. अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या पानाची प्रिंट जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. तरी हललं नाही तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. बहुतेक प्रकरणं आवक क्रमांक पडला की तिथंच मार्गी लागतात, कारण पुढं उत्तर द्यावं लागणार हे ऑफिसला कळतं.

एफई_कॉम्प
आणि तरी जायचंच ठरवलं तर?

बदली_विभाग
थेट दुसऱ्या वर्षाची कॅप मुख्यतः डिप्लोमावाल्यांची, एफई (पहिलं वर्ष) पास झालेल्यांची नाही. तुला संस्था-बदली लागेल: नव्या कॉलेजात तुझ्याच शाखेची मंजूर क्षमतेतली रिकामी जागा, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत पत्रं, वर तंत्रशिक्षण संचालनालय आणि विद्यापीठाची परवानगी. कॉम्प्युटरची जागा रिकामी मिळणं हीच खरी अडचण. विद्यापीठ वेगळं किंवा कॉलेज स्वायत्त असेल तर विषय जुळवून बघतात आणि न जुळलेले पेपर जादा द्यावे लागतात. शिवाय सवलतीला कॅपच्या प्रवेशाची अट आहे. बदलीनंतर ती चालू राहील का, हे नव्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून आधी लेखी घे.

सगळ्यात महत्त्वाचं: परवानगीचं पत्र हातात येईपर्यंत एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढू नकोस. एलसी निघाली की इथला प्रवेश संपला, आणि तिकडं अडलं तर वर्ष गेलं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला किंवा पुढच्या वर्षांची फी मागायला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मनाई आहे, कॉलेजनं तशी धमकी दिली तर भिऊ नकोस.

कारकुनी_कट्टा
शिकवणं बरं आहे म्हणतेस, मग माझं मत राहण्याचं. लॅब बंद किंवा विषयाला शिक्षकच नाही असं असतं, तर जा म्हणालो असतो.