नवीन बिल्डने (नव्याने बांधलेल्या प्रोग्रामने) जुना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सांभाळायचा की नाही?

टर्मिनल_तात्या:
आमच्या लॅबच्या क्लस्टरवर (सगळ्यांच्या सामाईक, एकत्र जोडलेल्या मशीनवर) तेव्हा सेंटओएस ६ हे जुनं लिनक्स, म्हणजे कर्नल २.६.३२. एका पोरीने प्रोजेक्टसाठी उबुंटू १८.०४ या नव्या लिनक्सचा कंटेनर (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ऱ्यांचं एक गाठोडं) बनवून आणला, लॅपटॉपवर झकास चालत होता, इथे टाकला तर एकच ओळ, ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’. फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांड पण चालेना! कंटेनर स्वतःचा कर्नल आणत नाही ना, होस्टचाच वापरतो, आणि ग्लिबसीने (प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामधली मूळ लायब्ररी) २.२६ पासून (२०१७) किमान कर्नल ३.२ ची अट घातलीय. कर्नल बदलावा तर स्टोरेजचा ड्रायव्हर त्याच कर्नलसाठी बांधलेला. मशीन वापरणाऱ्याच्या हातात कर्नल नसतो हो, बिल्ड करणाऱ्यांनी हे धरूनच चालायला हवं.

सावकाश:
नाही पटलं. लिनक्स बनवणाऱ्या टोरवाल्ड्सचा नियम एकाच बाजूचा आहे, नवा कर्नल जुने प्रोग्राम मोडणार नाही. जुन्या कर्नलवर नवे प्रोग्राम चालतील असा शब्द कुणी दिलाच नव्हता. २.६.३२ हा २००९ चा. गेटरँडम कॉल (सिक्युरिटीसाठी कर्नलकडे रँडम आकडे मागायचा) आला कर्नल ३.१७ ला, त्याच्या आधीचा कर्नल धरायचा तर प्रत्येक ठिकाणी दुसरी वाट लिहून ठेवा, आणि ती वाट रोज टेस्ट कोण करणार? न तपासलेला कोड सिक्युरिटीच्या जागी ठेवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

निळी_पणती:
पण दुसरी वाट नेहमी एवढी महाग नसते. ग्लिबसी २.३४ थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर काम) बनवायला आधी क्लोन३ हा नवा कॉल करून बघतं, कर्नल म्हणाला ‘हा कॉलच नाही’ की गुपचूप जुन्या क्लोनवर येतं. घोळ झाला तो जुन्या डॉकरमध्ये (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर), त्याचा सेककॉम्प हा कॉल अडवणारा फिल्टर ‘कॉल नाही’ ऐवजी ‘परवानगी नाही’ म्हणायचा, मग ग्लिबसी मागे फिरायचंच नाही आणि थ्रेड बनेनात. म्हणजे कर्नलचं वय नडलं नाही, मधल्याने चुकीचं उत्तर दिलं ते नडलं.

बीएसडीवाला:
तुम्ही सगळे दोन गोष्टी एकत्र करताय. जुन्या कर्नलवर बसून नवीन सिस्टिम बिल्ड करणं वेगळं आणि ती तिथे चालवणं वेगळं. फ्रीबीएसडीत (लिनक्सहून वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) पहिलं नीट सांभाळतात, बिल्डला लागणारी टूल्स आधी चालू सिस्टिमसाठीच बनवून घेतात. दुसऱ्याची हमी नाही, आधी नवा कर्नल, रीबूट, मगच इन्स्टॉलवर्ल्ड, म्हणजे बाकीची नवी सिस्टिम बसवणं. २०१७ मध्ये आयनोड (फाइलींचे आतले क्रमांक) ६४ बिटचे झाले तेव्हा ज्यांनी हा क्रम उलटा केला त्यांना ‘बॅड सिस्टिम कॉल’ बघावा लागला.

सावकाश:
हा फरक मला मान्य. बिल्ड जुन्यावर व्हायलाच पाहिजे, नाहीतर अपग्रेड करायचं कुठून? चालवण्याचं मात्र माझं मत तेच.

टर्मिनल_तात्या:
रीबूट आपल्या हातात असेल तर क्रम ठीक आहे हो. क्लस्टरवर तीनशे जणांचे जॉब चालू असतात. त्या पोरीला शेवटी सेंटओएस ७ च्या बेसवर सगळं परत बांधून दिलं, त्याचं ग्लिबसी २.१७, ते २.६.३२ वर चालतं. तिच्या तीन लायब्ऱ्या मात्र सोर्सपासून कंपाइल कराव्या लागल्या, दोन आठवडे गेले, सबमिशन पुढच्या सेमिस्टरला.