‘अनटिल’ आणि आपले ‘पर्यंत’

‘अनटिल यू डोन्ट कम, आय विल नॉट ईट’ असे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी सहज येते आणि त्यातला ‘डोन्ट’ का चुकतो, हे समजावून सांगूनही अनेकांना पटत नाही, कारण चुकीचे मूळ आपल्या मराठी रचनेत आहे. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही’ या वाक्यातला पहिला नकार वाट पाहण्याचा सगळा काळ दाखवतो. ‘अनटिल’ मात्र त्या काळाचे फक्त शेवटचे टोक दाखवतो. ते टोक म्हणजे येण्याचा क्षण, म्हणून तिथे नकाराला जागा नाही. ‘आय विल नॉट ईट अनटिल यू कम’ एवढेच पुरते. गोष्ट पुढची असली, तरी ‘विल कम’ म्हणायचे नाही. ‘तू येईपर्यंत’ अशी नकाराविना रचना मराठीतही आहेच, आणि मनात वाक्य तसे जुळवले की ही चूक सहसा होत नाही.

‘मी जिवंत आहे तोपर्यंत’ यासाठी ‘अनटिल आय ॲम अलाइव्ह’ म्हटले, तर बोलणारा अजून जिवंत व्हायचा आहे असा अर्थ निघेल! तिथे ‘ॲज लाँग ॲज’ हवे.

याहून फसवा प्रकार कार्यालयीन पत्रांत आढळतो. ‘सोमवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ आणि ‘सोमवारपर्यंत अर्ज द्यावा’ या दोन्ही ठिकाणी आपण एकच ‘पर्यंत’ वापरतो. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘अनटिल’ आणि दुसऱ्याला ‘बाय’ लागतो. बंद राहणे, थांबणे, वाट पाहणे या क्रिया त्या वेळेपर्यंत अखंड चालतात. अर्ज देणे ही एकदाच होणारी क्रिया आहे आणि सोमवार ही तिची मुदत आहे. गंमत अशी की, ‘डोन्ट सबमिट इट अनटिल मंडे’ हे वाक्य निर्दोष आहे, पण त्याचा अर्थ ‘सोमवारच्या आधी देऊ नका’ असा होतो, कारण न देणे हे मात्र अखंड चालू राहू शकते.

‘पुण्यापर्यंत’ म्हणताना ‘अप टु’ किंवा ‘ॲज फार ॲज’ बरे. ‘अनटिल’ हा मुख्यतः काळाचा शब्द आहे.

राहता राहिला ‘टिल’. तो ‘अनटिल’चे तोडलेले रूप आहे असे समजून काही जण त्याच्या आधी लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) देतात, परंतु दोहोंपैकी ‘टिल’ हाच जुना शब्द आहे. ‘टिल’च्या शेवटी दोन ‘एल’ येतात आणि ‘अनटिल’च्या शेवटी एकच.