भाच्याची इलेक्ट्रिक स्प्लेंडर: ड्रॅगला पेट्रोलपेक्षा सुरक्षित का?

विट्याचा_मामा:
राम राम मंडळी. भाचा सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं जुन्या स्प्लेंडरचं इंजिन उतरवून ७२ व्होल्टची बॅटरी अन् चाकाच्या आतच बसणारी हब मोटर बसवलीय. पहाटे तासगाव रस्त्याला मित्रांच्या पल्सरबरोबर ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावर कोण पुढं जातं अशी रेस, लावतो हे परवा कळलं. ओरडलो तर म्हणतो, "मामा, हिला टाकी नाही, पेट्रोल नाही, पेटणार काय? पुढचा जमाना हाच आहे." आम्हीही एकेकाळी यामाहा आरएक्स पळवलेली, त्यामुळं फार बोलायला तोंड नाही. पण खरंच असं असतं का? अन् पोराला हे नीट करायचं असेल तर काय काय लागतं? बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

हळदीचं_पेव:
आधी रस्ता बंद करा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावरच्या रेसचंच आहे, पहिल्यांदा सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इंजिन काढून मोटर बसवली ती मंजूर किटची आहे का, आरसीवर नोंद आहे का? नसेल तर अपघातात विमावाला हात वर करणार. पहाटे त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं साधा रेडियमसुद्धा नसतो.

कुपवाडचा_लेथवाला:
मामा, कुपवाडला माझं लेथचं शेड आहे, इलेक्ट्रिकचीही कामं येतात. भाच्याचं निम्मं खरं आहे. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, म्हणजे फुटून अंगावर येणारं सामान कमी. अमेरिकेतला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स, त्याच्या ड्रॅगस्टरचा (ड्रॅगसाठीच बनवलेली लांबुडकी गाडी) गिअरबॉक्स १९७० मध्ये फुटला अन् उजव्या पावलाचा तुकडा गेला, कारण इंजिन पुढं अन् हे सगळं पायांमध्ये. पुढच्या वर्षी गडी इंजिन पाठीमागं बसवून परत आला, अन् मग बाकीच्यांनीही तेच केलं. त्याच गार्लिट्सनं २०१४ मध्ये, ८२ व्या वर्षी, बॅटरीवरची ड्रॅगस्टर ताशी २९६ किलोमीटरनं पळवली. तेव्हा पुढच्या जमान्यावरून पोराशी वाद घालू नका, हराल.

आता उरलेलं निम्मं. हब मोटरचा एक्सल दोन्ही बाजूंनी चपटा घासलेला असतो, तो मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचेत बसतो. मूठ पिळली की मोटर चाकाला पुढं ढकलते अन् एक्सलला मागं. नुसत्या नटावर भरवसा ठेवला तर एक्सल खाच खाऊन गोल फिरतो अन् आतून येणाऱ्या वायरी पिळून तोडतो. दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून त्याला चिमट्याशी जखडणारी जाड पट्टी, पाहिजेच. बऱ्याच पोरांच्या गाडीत एकही नसतो.

दुसरं, ॲक्सिलरेटरच्या तीन वायरी. लाल पाच व्होल्टची, काळी अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. काळी तुटली की सिग्नल वर चढतो अन् साध्या कंट्रोलरला (मोटरला करंट सोडणारा डबा) वाटतं मूठ पूर्ण पिळलीय. माझ्या शेडात एक गाडी स्टँडवर अशीच सुटली. सोल्डर नीट धरलं नव्हतं, चूक माझीच. इंजिनाचा आवाज नाही, एकदम चाकाचा सूंऽऽ आवाज. मी ब्रेक सोडून आधी चावी शोधत बसलो! म्हणून मनगटाला दोरी बांधलेला किल स्विच लागतो. माणूस पडला की दोरी सुटली पाहिजे अन् बॅटरीचा करंटच तुटला पाहिजे, नुसता सिग्नल नाही. त्यासाठी डीसीचाच कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट तोडणारा स्विच, घ्या. मोटर पॅनलमधला एसीचा काढून लावतात, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही अन् पॉइंट चिकटून बसतात.

"पेटणार काय" याचं उत्तर भाच्याला माझ्याकडं पाठवा, दाखवतो. २०२१ च्या पुरात बुडालेली एक स्कूटर आली होती. वरून कोरडी ठणठणीत. चौथ्या दिवशी बॅटरीतून धूर. बाहेर वाळूच्या ढिगावर ठेवली होती म्हणून शेड वाचलं. पाणी मारून विझवली, तासाभरानं परत पेटली.

डिस्टिलरी_शिफ्ट:
बॅटरीच कशाला? आपल्याकडं ऊस आहे, इथेनॉल आहे. ऑक्टेन जास्त, इंजिन थंड राहतं, ड्रॅगवाले उगाच वापरत नाहीत. आरएक्स काढा मामा!

कुपवाडचा_लेथवाला:
शिफ्टवाले, खरंय, पण नुसतं ओतून चालत नाही. लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे कार्ब्युरेटरमधला इंधन सोडणारा जेट मोठा करावा लागतो. नाही केला की मिश्रण पातळ होतं अन् पिस्टन पकडतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पाणी ओढून घेतं ते वेगळंच. ज्योतही उन्हात नीट दिसत नाही, मेथॅनॉलची तर जवळजवळ दिसतच नाही.

अन् मामा, इंधन कुठलंही असो, मी आधी थांबायची जागा विचारतो. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. भानावर यायला एक सेकंद धरला तर चांगल्या ब्रेकवर सव्वाशे मीटर, १६० ला दोनशेच्या वर. स्प्लेंडरच्या ड्रम ब्रेकला वर बॅटरीचं वजन, मग हिशेबच सोडा. २००८ मध्ये ड्रॅग रेसर स्कॉट कलिटा शर्यतीत गाडी न थांबल्यानं गेला, त्यानंतर अमेरिकेत सगळ्यात वेगवान गाड्यांची शर्यत ४०२ मीटरवरून ३०५ वर आणली. म्हणजे थांबायला जागा वाढवली. तासगाव रस्त्याला ही जागा कुठंय?

विट्याचा_मामा:
आत्ता टॉर्चनं बघितलं. टॉर्क आर्म एका बाजूलाच आहे अन् एक्सलचा चपटा भाग थोडा खाल्लेला दिसतोय. काही न बोलता बॅटरीचा कनेक्टर काढून ठेवलाय. रविवारी गाडी टेम्पोत घालून तुमच्याकडं आणतो, तोही येतोय. बहिणीला काय सांगायचं तेवढं सुचवा, कनेक्टर तिच्याच कपाटात लपवलाय.