गळवाला चीर दिल्यावरची उघडी जखम: अनुभव धागा

गळवाला चीर देऊन पू काढला की बहुतेकदा टाके घालत नाहीत. घरचे बिचकतात, "हे असं उघडंच ठेवायचं?" हो, उघडंच. आत जंतू उरलेले असतात, वरून शिवलं तर पू पुन्हा कोंडतो. जखम तळापासून भरत वर यायला हवी, कातडी सगळ्यात शेवटी. रोज ड्रेसिंग करणाऱ्यांनी आपलं ज्ञान इथे लिहावं. किस्से नकोत, कृती हवी.

---

गॉजपासून (जखमेत भरायचं जाळीदार सुती कापड) सुरुवात करते. आत भरायला एकच सलग पट्टी घ्या. सुटे तुकडे घातले की एखादा तळाशी विसरला जातो, वरून तोंड मिटतं आणि त्याच जागी पुन्हा गळू. तुकडे घालावेच लागले तर किती घातले ते लिहून ठेवा आणि काढताना मोजा. पट्टी सलाईनमध्ये (मिठाच्या निर्जंतुक पाण्यात) भिजवून, पिळून, सैलसर सोडायची. भिंतींना टेकली पाहिजे, ताणली नाही पाहिजे. टोक दोनेक सेंमी बाहेर ठेवा. ठासून भरली की तिचं बूच होतं: पू आत अडतो, कडांचा रक्तपुरवठा दबतो आणि ठणका वाढतो.

काढताना सुकून चिकटली असेल तर ओढू नका. सलाईन ओता, पाच-दहा मिनिटं थांबा, मग आपसूक सुटते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली बरी. ऐनवेळी घेऊन उपयोग नाही.

---

ताईंच्या लिहिण्याला एक पुस्ती. ५ सेंमीहून लहान गळवात गॉज न भरताही जखम बहुधा नीट भरते, आणि दुखतंही कमी. पोकळी खोल आणि तोंड अरुंद असेल तेव्हा मात्र पट्टी लागते. "भरायची गरज आहे का?" हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको.

---

धुण्याबद्दल. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण रोज वापरलं तर नव्याने येणाऱ्या पेशीच मरतात. सलाईन किंवा पिण्याजोगं स्वच्छ पाणी पुरतं. घरी करायचं तर १ लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ (चहाचे सुमारे दीड सपाट चमचे), कोमट करून वापरा, २४ तासांनी उरलेलं फेका. हात आधी धुवा आणि नंतरही. हळद, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही आत नको.

---

लोक रंगाला उगाच घाबरतात, म्हणून सविस्तर. तळाशी लालभडक, दाणेदार, हात लागताच थोडं रक्त येणारं मांस म्हणजे जखम छान भरतेय. तळाला चिकटलेला पिवळसर थर दरवेळी पू नसतो. मेलेल्या पेशींचा साका असतो, तो घरी खरवडू नका. पातळ, फिकट किंवा गुलाबी लस पहिले काही दिवस येणारच. कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर ओल जास्त होतेय. वरचं ड्रेसिंग लवकर बदला, भोवतीच्या कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम लावा. लाल मांस कातडीच्या वर फुगून आलं तर कडा मिटत नाहीत. ते दाखवून घ्यावं.

घाई करण्याजोगी लक्षणं वेगळी: लाली पसरत जाणं, दोन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जाणं, घट्ट दुर्गंधी पू. त्याच दिवशी जा.

---

शुगर! मधुमेह ताब्यात नसेल तर कितीही चांगलं ड्रेसिंग करा, जखम रेंगाळते. तंबाखू-सिगारेटचंही तेच. आणि गळवं वारंवार होत असतील तर शुगर तपासलेली नसल्यास तपासाच.

---

गळू कुठे आहे त्यावर पुढचं बरंच ठरतं. गुदद्वाराजवळचं असेल तर शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसा, पाण्यात काही घालू नका. तिथली जखम भरून पुन्हा पुन्हा वाहू लागली तर भगंदराची (आतून कातडीपर्यंत तयार झालेल्या नळीसारख्या वाटेची) शक्यता असते. मलमं बदलत बसू नका, सर्जनना दाखवा. माकडहाडावरच्या गळवात केस जखमेत शिरतात, त्यामुळे भोवतीचे केस काढत राहावे लागतात. सिस्ट (कातडीखालची पिशवीसारखी गाठ) पिकून झालेल्या गळवात पू काढला तरी पिशवीची भिंत आत उरते. सूज पूर्ण उतरल्यावर ती वेगळ्या शस्त्रक्रियेने काढतात, आणि ती तारीख विचारल्याशिवाय ड्रेसिंग संपलं म्हणून फाइल बंद करू नका.