मदत हवी आहे: रक्ताचं कल्चर कोरं आलं (जंतू वाढलेच नाहीत), आता मेरोपेनेम हे अँटिबायोटिक थांबवायचं कधी?

गोव्यातल्या आयसीयूवाल्यांना आणि मायक्रोबायोलॉजीच्या मंडळींना विचारायचंय.

सेप्टिक शॉकचा (जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हाचा) पहिला तास ठरलेला आहे. दोन जागांहून ब्लड कल्चर, दर बाटलीत ८ ते १० मिली, लगेच मेरोपेनेम १ ग्रॅम. किडनी बिघडलेली असली तरी पहिला डोस पूर्ण. पुढचे डोस क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून, प्रत्येकी ३ तासांत शिरेतून सोडायचे. पावसाळ्यात शेतातून आलेला पेशंट असेल तर डॉक्सीसायक्लिनही, कारण स्क्रब टायफसवर (बारीक माइट चावून होणारा ताप) मेरोपेनेम चालतच नाही. (काखेत, जांघेत, करदोट्याखाली त्या चाव्याची काळी खपली शोधाच.)

घोडं अडतं ते पुढे. चौथा दिवस, कल्चर कोरं, नॉरअड्रेनालिन (बीपी टिकवणारं औषध) बंद, प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) ४० वरून ६ वर. ८० टक्क्यांहून जास्त उतार, म्हणजे थांबवायचा विचार करायलाच हवा. तरी शेऱ्यात ‘सीटी ऑल’ (सगळी औषधं चालू ठेवा) आणि शनिवार-रविवार तसेच जातात.

तुमच्याकडे ४८ तासांचा फेरविचार कोण करतं? ड्रग चार्टवर थांबवायची तारीख पहिल्याच दिवशी लिहिता का? आणि पेशंट बाहेरून दोन डोस घेऊन आला असेल, तर त्या कोऱ्या कल्चरवर कितपत विसंबता? चार्टचा नमुना असेल तर पेशंटचं नाव झाकून टाका, प्लीज.